साधी बाटली

माझ्या बायकोबद्दल माझ्या पोटात दुखायचं, हे आधीच सांगून टाकतो. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि त्यातली निदान सहा वर्षं तरी दुखत होतं. लोक शेजाऱ्याच्या गाडीवर जळतात, चुलतभावाच्या प्लॉटवर जळतात. मी बायकोच्या माशांवर जळत होतो.

माशा म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर जमतात ती चिलटं. बायको लातूरच्या एका कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात ही चिलटं काचेच्या बाटल्यांत पाळते. त्यातल्या काही बाटल्यांतल्या माशांमध्ये माणसाच्या कंपवाताचा जीन आहे. या माशा तरुणपणी ठीक असतात, वय झालं की त्यांचे पाय लटपटायला लागतात. बाटली टेबलावर हलकेच आपटली की सगळ्या माशा तळाला पडतात. धडधाकट माशी लगेच काच चढून वर येते, आजारी माशी अर्ध्यातून घसरते. किती चढल्या आणि किती घसरल्या हे ती मोजते, रोज, न कंटाळता. आपल्या पेशीत खराब झालेला माल उचलून न्यायची एक व्यवस्था असते. ती आधी कुठं तुंबते आणि मग माणसाचा हात का थरथरतो, हा तिचा प्रश्न.

मी नांदेडला शिकवतो. माझा विषय उत्प्रेरक. पाण्यात विजेची दोन टोकं सोडली की एका टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात. हा वायू जाळला तर धूर होत नाही, पुन्हा पाणीच होतं. बुडबुडे कमी विजेत निघावेत म्हणून त्या टोकाला काहीतरी लावावं लागतं. ते स्वतः खर्च होत नाही, नुसतं काम सोपं करतं. या कामात प्लॅटिनमचा हात धरणारं कुणी नाही, पण प्लॅटिनम सोन्याच्या पंक्तीतलं. म्हणून जगभर लोक त्याला साधा पर्याय शोधतात, आणि मी तो अर्धापूरच्या केळीत शोधत होतो. घड उतरवला की केळीचा खांब बांधावर फेकून देतात. तो मी स्कूटीवर आडवा टाकून आणायचो, वाळवायचो, भट्टीत त्याचा कोळसा करायचो, त्यात थोडं निकेल घालायचो आणि तो लेप कागदासारख्या एका काळ्या पट्टीला लावायचो. येताना बायकोच्या माशांना खायला दोन डझन केळीही आणायचो. म्हणजे फळ तिच्या माशांना आणि खांब मला.

मेहनत दोघांची सारखीच होती. पण रोग म्हटलं की माणसं खुर्ची पुढं ओढून बसतात, आणि उत्प्रेरक म्हटलं की चहा कुठवर आला ते बघायला उठतात.

आमच्या घरातच बघा. आई माझ्याजवळ नांदेडला राहते. दोन वर्षांपासून तिचा उजवा हात थरथरतो. डॉक्टरांनी कंपवात सांगितल्यापासून आईला सून म्हणजे देवासमान झाली. बायको शनिवारी दुपारच्या एसटीनं यायची, अहमदपूर, लोहा करत. आई सकाळपासून दारात खुर्ची टाकून बसायची. सून आली की चहाच्या आधी मोबाईल बाहेर निघायचा.

"आई, ही बघा. ही तुमच्यासारखी."

"घसरली गं बाई! आता परत चढती का बघ. चढ गं, चढ."

दोघी डोक्याला डोकं लावून माशा बघायच्या आणि मी बाजूला पेपर वाचायचं नाटक करायचो. माझ्या कामाबद्दल आईनं आजवर एकच प्रश्न विचारला होता. भट्टीतून काढलेला कोळसा बघून म्हणाली होती, "जळून कोळसा तर झालाच की रे. अजून काय जाळून राहिलास?"

बायकोची एक सवय मात्र सांगायलाच हवी. तिच्या प्रत्येक रांगेत एक साधी बाटली असते. त्या बाटलीतल्या माशांना जीन नाही, औषध नाही, काही नाही. केळं तेच, उजेड तोच, आपटणंही तेच. बाकीच्या बाटल्यांत जे दिसतं ते खरं आहे का, हे या बाटलीशेजारी ठेवून बघायचं. "ती नसली तर बाकीच्या बाटल्या मला वाट्टेल ते सांगतील," असं ती म्हणायची. ही सवय तिनं स्वयंपाकघरातही आणली. नवा काळा मसाला केला की थोडी आमटी जुन्या मसाल्याची करून वेगळी ठेवायची. आईनं त्याचं नाव पाडलं साधी वाटी. पुढं पुढं आईच विचारायची, "साधी वाटी ठिवली का गं?" मला त्या वाटीचाही राग यायचा.

गेल्या हिवाळ्यात बायकोचा शोधनिबंध परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकात छापून आला. सासऱ्यांचं लातूरला गंजगोलाईत भुसार मालाचं दुकान आहे. त्यांच्या समाजातल्या व्यापाऱ्यांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटा, सगळं रीतसर. मला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. सूत्रसंचालकानं माझी ओळख करून दिली ती अशी, "आणि मॅडमचे मिस्टर पण आज आपल्यामध्ये उपस्थित आहेत." मी अर्धवट उठून हात जोडले. तेवढ्यात पुढच्या भाषणाला सुरुवातही झाली.

जेवताना कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे ओढलेले एक वयस्कर व्यापारी माझ्या शेजारी बसले. माणूस प्रेमळ होता. "जावईबापू, तुमी काय करता?"

"पाण्यापासून हायड्रोजन काढतो. म्हणजे, पाणी फोडतो."

"पाणी फोडता?" त्यांनी घास थांबवला. "अहो, आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं हुतं. अन् तुमी हाय ते बी फोडून राहिलात?"

अख्खी पंगत हसली. बायको वाढत होती, तीही हसली. बाकीच्यांचं हसणं मी एसटी स्टँडवर येईपर्यंत विसरलो. तिचं मात्र लोह्यापर्यंत टोचत राहिलं.

त्या सोमवारपासून मी दातओठ खाऊन कामाला लागलो. आता हिला दाखवायचंच, असं मनात धरून प्रयोगशाळेचं दार उघडायचो. घाईत काय होतं ते झालंच. पाण्यात दोन टोकं लागतात असं म्हणालो ना, त्यातलं एक माझी लेप लावलेली पट्टी. दुसरं नुसतं विजेचा मार्ग पुरा करायला असतं, तिथं मी ग्रॅफाइटची कांडी वापरायचो. ती हातातून पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. नवी मागवली, पण यायला वेळ लागणार होता. विभागाच्या कपाटात जुन्या सरांच्या वेळची प्लॅटिनमची एक तार होती. तिची काचेची नळी तडकलेली होती, म्हणून ती मी जुन्या नांदेडातल्या चाचांकडं नेली. चाचांच्या घरात तीन पिढ्या काच फुंकायचं काम आहे. कॉलेजांच्या नळ्या, चंबू, सगळं तेच दुरुस्त करतात. त्यांनी ज्योतीवर काच मऊ करून तार पक्की बसवून दिली.

"अस्सल माल हाय, सर," ते तार उजेडात धरून म्हणाले. "पोरं म्हातारी होतील, पर हिची चमक जाणार न्हाई."

ती तार लावून प्रयोग सुरू केला. पहिल्या दिवशी नेहमीचंच रडगाणं. दुसऱ्या दिवशी जरा बरं. मग रोज आलेख थोडा थोडा सरकत गेला. आठवड्यानं माझ्या केळीच्या कोळशाचा आलेख प्लॅटिनमच्या आलेखाला जाऊन भिडला. मी खुर्चीवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. खिडकीतून बाहेर बघून एकटाच हसलो. घरी जाऊन आईला सांगितलं, आणि आईनं संध्याकाळच्या आत गल्लीला सांगितलं की माझ्या लेकानं केळीतनं गॅस काढला.

शनिवारी बायको आली. मी तिला पाय धुऊ दिले, चहा होऊ दिला आणि मग आलेखाचा कागद टेबलावर तिच्यापुढं ठेवला. तिनं तो बराच वेळ बघितला. मी तिच्या चेहऱ्यावर काय शोधत होतो ते मला पक्कं माहीत होतं. मला तिच्या पोटात दुखलेलं बघायचं होतं.

"अहो, हे रोज चांगलं होत चाललंय," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणता ना, उत्प्रेरक वापरून वापरून दमतो म्हणून?"

"माझा नाही दमत."

"साधी बाटली लावली होती का? म्हणजे तुमची कोरी पट्टी, कोळसा न लावलेली?"

"माशा नाहीत या," मी म्हणालो. "मला माझं काम कळतं."

"कळतंच की. मी फक्त विचारलं."

"विचारलं नाहीस, तुला सहन झालं नाही. इतकी वर्षं तूच एकटी हुशार होतीस ना घरात."

आई आतून बाहेर आली होती. तिच्या थरथरत्या हातातल्या बशीवर कप वाजत होता. बायकोनं उठून आईच्या हातातली बशी घेतली आणि आत गेली. त्या दिवसानंतर तिनं माझ्या कामाबद्दल विचारणं बंद केलं. मी ते माझ्या जिंकण्यात जमा केलं.

शोधनिबंध लिहून पाठवला. विभागानं माझं व्याख्यान ठेवलं. सभागृह भरलं. या खेपेला शाल माझ्या खांद्यावर होती. बायको रजा टाकून आली होती. आईला पहिल्या रांगेत बसवलं आणि बायकोला दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेत खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या रिकाम्या राहाव्यात हे मीच बघितलं होतं. इतका हलकट विचार माणूस शांत डोक्यानं करू शकतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण मी शाल सावरण्यात गुंतलो होतो. प्रश्नोत्तरांत एका प्राध्यापकांनी विचारलं की हा उत्प्रेरक टिकतो किती. मी म्हणालो, "टिकणं सोडा सर, हा वापरून सुधारतो." टाळ्या पडल्या. बायको मांडीवरच्या पर्सकडं बघत होती.

पुढच्या आठवड्यात तारेची काच पुन्हा तडकली. मी चाचांकडं गेलो. त्यांनी जुनी काच सोडवली, तार फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली आणि चष्मा कपाळावर सरकवून बघितली.

"सर, हिची चमक कुठं गेली?"

"पाण्यात आम्ल घातलेलं असतं ना, चाचा."

"तेजाबानं हिला काय बी होत न्हाई. बगा ना, काळपट पडली, खरबरीत झाली." त्यांनी नखानं तार चाचपली. "गेली म्हंजी कुठं तरी गेलीच असंल की."

मी त्यांच्या दुकानात स्टुलावर बसलो होतो, ज्योत फुरफुरत होती, आणि माझे कान तापले. कारण ती कुठं गेली हे मला माहीत होतं. एम.एस्सी.च्या पोरांना मी हे दरवर्षी शिकवतो. दुसऱ्या टोकाला प्लॅटिनम लावलं की वीज चालू असताना ते कणाकणानं विरघळतं, पाण्यातून अलीकडं येतं आणि तुमच्या पट्टीवर बसतं. मग बुडबुडे काढतं प्लॅटिनम आणि नाव होतं तुमच्या कोळशाचं. रोज थोडं थोडं सुधारत जाणं हीच त्याची खूण. हे सगळं मी फळ्यावर आकृती काढून शिकवतो. कपाटातून ती तार काढली त्या दिवशीच हे माझ्या मनात येऊन गेलं होतं. नंतर कोरी पट्टी लावून बघू, असं मी स्वतःला म्हणालो होतो. आणि मग नेमकं तेच बायकोनं विचारलं. तिनं विचारलं नसतं तर कदाचित मी लावलीही असती. तिनं विचारलं, म्हणून तर मी ती कधीच लावणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोरी पट्टी लावली. केळी नाही, कोळसा नाही, निकेल नाही. दुसऱ्या टोकाला तीच तार. पहिल्या दिवशी आलेख आडवा पडून राहिला आणि मला आशा वाटली. तिसऱ्या दिवशी तो सरकायला लागला. आठवडा संपला तेव्हा दोन्ही आलेख मी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. एकच रेघ दिसत होती.

ग्रॅफाइटची नवी कांडी टेबलाच्या खणात होती. ती येऊन दोन महिने झाले होते. पुडकंसुद्धा मी फोडलं नव्हतं. ते फोडलं, कांडी लावली, केळीचा कोळसा पुन्हा तपासला. तो होता तसाच होता, बरा, म्हणजे नापास न होणाऱ्या पोरासारखा. नियतकालिकाला पत्र पाठवून निबंध मागं घेतला. विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं. ते पेनाची उघडझाप करत म्हणाले की शाल परत द्यायची गरज नाही. ते विनोद करत होते की नाही मला कळलं नाही.

आईला सांगणं जास्त अवघड गेलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात पदराखाली धरून. कळेल असं मी सोपं करून सांगत होतो. मध्येच तिनं मला थांबवलं.

"म्हंजी तू साधी वाटी ठिवलीच न्हवती व्हय रे?"

"नाही."

"तिनं इचारलं हुतं की तुला. म्या आतून ऐकलं." मग म्हणाली, "गल्लीत मी सांगीन काय सांगायचं ते. तू तिला जाऊन सांग."

शनिवारची वाट बघितली असती तर ती आलीच असती. पण मी गुरुवारीच एसटीत बसलो. वाटेत एक गोष्ट लक्षात आली आणि चाकूरपर्यंत तीच डोक्यात फिरत राहिली. बायको सहा वर्षं तिच्या प्रयोगशाळेत काम करते आणि मी तिथं एकदाही पाऊल टाकलेलं नाही. सत्काराला गेलो, सासरी गेलो, कॉलेजच्या फाटकापर्यंत केळी पोचवली. फाटकाच्या आत कधी गेलो नाही.

खोली माझ्या कल्पनेपेक्षा बारकी निघाली. केळ्यांचा, गुळाचा आणि यीस्टचा आंबूस वास भरून राहिला होता. भिंतीला बाटल्यांची मांडणी, प्रत्येक बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा, आणि दर रांगेच्या टोकाला निळ्या चिकटपट्टीची एक बाटली. बायको स्टुलावर बसून मोजत होती. मला बघून उठली आणि तिचा चेहरा उतरला.

"आईला काही झालं का?"

"नाही, आई ठीक आहे. मी कोरी पट्टी लावली."

ती परत खाली बसली. पुढचं मी एका दमात सांगितलं. तार, चाचा, खणातलं पुडकं, मागं घेतलेला निबंध. दुसऱ्या रांगेतली खुर्चीसुद्धा सांगितली. ती म्हणाली, "ते कळलं होतं मला." एवढंच.

आता ती काहीतरी चांगलं बोलेल, असं मला वाटत होतं. होतं असं कधी कधी, किंवा पुढच्या वेळी बघू, असं काहीतरी. तिनं निळ्या पट्टीची एक बाटली उचलली आणि उजेडात धरली.

"मागच्या उन्हाळ्यात ही बिघडली होती," ती म्हणाली. "साध्या बाटलीतल्या माशापण घसरायला लागल्या. लाइट जात होती, बाटल्या गार ठेवायच्या पेटीतलं तापमान चढत होतं. उन्हानंच सगळ्या लुळ्या पडल्या होत्या, जीनचा काही संबंध नव्हता. आठ महिन्यांचं काम टाकून दिलं मी. इथंच बसून रडले. मग पहिल्यापासून सुरू केलं."

मागचा उन्हाळा मी आठवून बघितला. ती शनिवारी यायची, आईला माशा दाखवायची, आमटी करायची. मला काहीच दिसलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

ती बाटली फिरवून फिरवून बघत राहिली. "तुम्हाला आनंद झाला असता," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. आकडा सांगावा तसं तिनं सांगितलं. मी लगेच नाही म्हणायला तोंड उघडलं. पण आत, छातीच्या खाली कुठंतरी, मला खरोखरच बरं वाटलं होतं. तिचे आठ महिने वाया गेले हे ऐकून आत्ता, या खोलीत, स्वतःची एवढी फजिती सांगून झाल्यावरही, मला बरं वाटलं होतं. ती माझ्याकडं बघत होती. मोजताना बघते तशी, पापणी न हलवता.

"झाला असता," मी म्हणालो. "आत्तापण झाला."

"हो," ती म्हणाली. तिनं ती साधी बाटली माझ्या हातात दिली आणि पायानं दुसरं स्टूल पुढं सरकवलं. "आपटा हळूच. अन् मोजा. चढणाऱ्याच मोजा."